भाट्याच्या पुलावर ६० मिमीची रिम

पत्र लांबलचक होतं, कामापुरतं खाली देतो:

"दादा, मी रत्नागिरीत असतो, वय ३६, वजन ५८ किलो, बँकेत नोकरी. दोन वर्षांपूर्वी डिस्क ब्रेकची रोड बाईक सेकंडहँड घेतली, गिअर शिमानो १०५, ११ स्पीड. चाकं कंपनीची आलेलीच, ॲल्युमिनियमची, बऱ्यापैकी जड. रविवारी आरे-वारेवरून गणपतीपुळे नाहीतर पावस-पूर्णगड. सपाटीला २८ चा स्पीड राहतो, एकूण ॲव्हरेज २३-२४. गेल्या डिसेंबरात २०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राईड) ११ तास ४० मिनिटांत केली. यंदा घरच्या कलमांचे चार पैसे हातात आले, त्यातले ६५ हजार चाकांसाठी बाजूला ठेवलेत. पुण्याच्या ग्रुपमधले सगळे ५०-६० मिमी उंच रिमच्या कार्बन चाकांवर आहेत, म्हणतात स्पीडमध्ये ३ चा फरक पडतो. त्यातला एक जण स्वतःची ६० ची ३८ हजारात द्यायला तयार आहे. ती घेऊ, की नवीन घेऊ, की आपल्याकडे चढच चढ म्हणून हलकी घेऊ? बायको म्हणते एवढ्यात जुनी स्कूटी येईल. – चाकवेडा"

चाकवेड्या,

बायकोचा मुद्दा पहिला बाजूला ठेवू कारण त्याला माझ्याकडे उत्तर नाही, माझ्या घरी पण नव्हतं.

आणि एक गोष्ट आधीच कबूल करून टाक म्हणजे पुढचं सोपं जाईल. डीप, म्हणजे उंच कडेच्या रिम दिसतात भारी. ते काळं जाडजूड चाक आणि जोर लावला की येणारा तो घूंऽऽ घूंऽऽ आवाज, तो ऐकला की माणूस आपोआप पाय जोरात मारतो, आणि ग्रुपवाल्यांच्या त्या ३ किमीतला निम्मा फरक तिथेच पडतो असं माझं प्रामाणिक मत आहे. तुला ती हवीत म्हणून हवीत, तर ते कारण पुरेसं आहे, हौसेला मोल नाही, लोक शिमग्यात याहून जास्त उडवतात. फक्त ३ किमी मिळणार म्हणून घेऊ नकोस, कारण ते मिळणार नाहीत.

का नाहीत ते बघ. कंपन्या चाकं विंड टनेलमध्ये, म्हणजे पंख्याने वारा सोडलेल्या बोगद्यात, तपासतात ती साधारण ताशी ४५ नाहीतर ४८ किमीच्या हवेत. त्या स्पीडला साध्या बुटक्या रिमच्या तुलनेत चांगली ५० मिमीची जोडी समजा १० वॅट वाचवते. पण हवेला कापायला लागणारी ताकद स्पीडच्या घनात वाढते, म्हणजे कमी पण घनातच होते. तुझ्या २८ ला तेच १० वॅट होतात अडीचच्या आसपास. आता २८ चे ३१ करायचे तर नुसत्या हवेसाठी तुला ३५ टक्के ताकद जास्त लागणार, तुझ्या अंगाच्या माणसाला ते ३० वॅट तरी धर. खिशात अडीच, बिल तीसचं. बीआरएमचं पण सांगतो, ११ तास ४० मिनिटांत तू सायकलवर किती वेळ होतास ते ॲपमध्ये बघ, माझ्या अंदाजाने नऊ तास आणि काही मिनिटं, बाकीचे अडीच तास मिसळ, चहा, ट्यूब, फोटो आणि अजून एक चहा. त्या २०० किमीत चाकं तुला दोन-तीन मिनिटं देतील. एक चहा कमी केलास तर वीस.

हे झालं टनेलचं. टनेलमध्ये भाट्याच्या खाडीवरचा उघडा पूल नसतो.

आपल्याकडची खरी गोष्ट वाऱ्याची आहे, आणि ती पुण्याच्या ग्रुपला कितीही सांगितली तरी कळायची नाही, त्यांचा वारा वेगळा. आपण शाळेत भूगोलात घोकलेलं ना, दिवसा खारे वारे समुद्राकडून जमिनीकडे, रात्री मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे. आपले किनाऱ्याचे सगळे रस्ते कसे आहेत, दक्षिणोत्तर. म्हणजे दुपारचा वारा तुला कायम बाजूने. उन्हाळ्यात तो बराचसा वायव्येकडून येतो, ११ वाजेपर्यंत नुसती झुळूक असते, १ नंतर तो रंगात येतो आणि ४ ला माडांच्या झावळ्या एकाच बाजूला विंचरल्यासारख्या दिसायला लागतात.

आता यातला गमतीचा भाग, जो चाकं विकणारे कोणी सांगत नाही. तू पुढे जातोयस त्याची समोरून हवा आणि बाजूचा वारा यांची बेरीज होऊन चाकाला हवा तिरकी लागते. ४५ ने जाणाऱ्या रेसरला १५ चा आडवा वारा लागला तर त्याच्या चाकाला हवा १८ अंशातून लागते. तू २८ ने जातोयस, त्याच वाऱ्यात तुझ्या चाकाला ती २८ अंशातून लागते. (ॲपमध्ये दिसणारा वारा १० मीटर उंचीवरचा असतो, आपल्या डोक्याच्या उंचीला तो बराच कमी, पण सड्यावर, म्हणजे उघड्या कातळ पठारावर, आणि पुलावर फार कमी नाही.) डीप रिमची करामत थोड्या तिरक्या हवेतच चालते, तेव्हा ती शिडासारखी जराशी पुढे पण ओढते, पण कोन १५-२० च्या पुढे गेला की बऱ्याच रिमवरची हवा चिकटून राहत नाही, सुटते, आणि मग ती रिम म्हणजे फक्त एक उभी फळी. फायदा गेला, ढकलणं राहिलं. म्हणजे स्पीड जितका कमी तितका वारा जास्त तिरका, आणि डीप रिम तितकी बिनकामाची. जाहिरातीतले आकडे आहेत दुसऱ्याच माणसाचे आणि दुसऱ्याच रस्त्यावरचे.

माझं स्वतःचं सांगतो. तीनेक वर्षं झाली, एका ट्रायथलॉनवाल्या मित्राची ६० ची जोडी आठवडाभर वापरायला मागून आणली होती. एप्रिल महिना, सकाळी पूर्णगडला गेलो, मतलई वारा मेलेला, खारा अजून उठलेला नाही, समुद्र अगदी ताटात ओतल्यासारखा, चाकं अशी पळत होती की मी मनातल्या मनात कर्जाचा हप्ता काढायला लागलो. तिकडे पावसला नातेवाईकांकडे जेवलो, आमरस पुरी, जरा आडवा पण झालो, आणि निघालो तीन वाजता. पावसहून येताना सड्यावर वारा होताच पण सारखा होता, एकसारख्या वाऱ्याची सवय होते, सायकल जराशी कलती ठेवून माणूस जातो. मग भाट्याचा उतार, खाली सुरूचं बन. सुरूच्या आडोशाला वारा एकदम बंद झाला, कानातली घरघर पण थांबली, मी आरामात ३५ वर, हात वरच्या बारवर सैल. सुरू संपले, पूल सुरू झाला आणि कोणीतरी पुढचं चाक हातात धरून उजवीकडे फिरवावं तसं हँडल फिरलं. दीड-दोन फूट आत गेलो मी रस्त्याच्या. मागून एसटी येत होती. ड्रायव्हरने हॉर्न दिला, मग बाजूने जाताना काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही पण बरोबर बोलला. ती एसटी बाजूने जाताना तर आणखीनच मजा, आधी हवेने बाहेर ढकलतात मग मागे ओढून घेतात. उरलेला पूल मी १४ च्या स्पीडने, हँडलच्या खालच्या वळणावर, ड्रॉप्सवर, हात आवळून, लग्नातला नवरा घोड्यावर बसतो तसा पार केला.

त्यात एक बारकावा आहे तो लक्षात ठेव. आपण डावीकडून चालवतो. उत्तरेला येताना, म्हणजे पावसहून रत्नागिरीकडे, समुद्र डाव्या हाताला, वारा तुला ढकलतो उजवीकडे, म्हणजे गाड्यांमध्ये. दक्षिणेला जाताना वारा तुला ढकलतो रस्त्याच्या कडेला, तिथे जांभ्याची खडी, पण निदान एसटी नाही. आणि आपण सगळे काय करतो, सकाळी शांत हवेत दक्षिणेला जातो आणि दुपारी वारा सुटला की उत्तरेला परत येतो. गणपतीपुळ्याचं उलटं, तिकडून येताना तू कडेच्या बाजूला ढकलला जाणार.

आणि तुझं वजन ५८. माझं ८१, तरी ही गत. हलक्या माणसाला त्याच वाऱ्यात तीच रिम जास्त हलवते, साधी गोष्ट आहे, मोठं शीड छोटी होडी. हवाईला कोनाला आयर्नमनची वर्ल्ड चॅम्पियनशिप होते तिथे मागे डिस्क चाक (स्पोक नसलेली बंद तबकडी) लावायला वर्षानुवर्षं बंदी राहिली, कारण समुद्राकाठचा आडवा वारा, आणि तिथे येणारी माणसं आपल्यासारखी रविवारची नसतात.

म्हणून ती ६० ची ३८ हजारांवाली, ती नकोच. स्वस्त असली तरी नको. तुला चाळीसच्या आसपासची रिम बघायला पाहिजे, पुढचं तर चाळीसच्या वर नकोच, मागचं ४५-५० असलं तरी चालेल, कारण मागचं चाक हँडलला जोडलेलं नाही, ते ढकललं जातं पण फिरवलं जात नाही. बऱ्याच कंपन्या पुढचं बुटकं मागचं उंच अशी जोडी देतात ती याचसाठी. आकार पण बघ, जुन्या डीप रिम इंग्रजी व्ही सारख्या टोकदार आणि अरुंद असायच्या, त्या वाऱ्यात जास्त फडफडतात, आताच्या पोटाला गोल आणि रुंद असतात, त्या बऱ्याच शहाण्यासारख्या वागतात. त्याच उंचीच्या दोन रिममध्ये एवढा फरक असतो की नुसतं "४० आहे का ५०" विचारून काही कळत नाही.

वापरलेली चाकं घ्यायचीच असतील कधी, तर तीन गोष्टी. ती ट्यूब्युलर नाहीत ना बघ, म्हणजे ज्यात टायर रिमला गोंदाने चिकटवतात ती, सेकंडहँड बाजारात फार स्वस्त दिसणारी डीप चाकं बऱ्याचदा हीच असतात, आणि जैतापूरच्या सड्यावर उन्हात पंक्चर झालं की कळतं स्वस्त का होती. आणि एक रुपयाचं नाणं घेऊन रिमवर टकटक करत पूर्ण गोल फीर, आवाज सगळीकडे सारखा टणक यायला पाहिजे, कुठे बद्द, फुटक्या मडक्यासारखा आला तर आतले थर सुटलेत, नमस्कार करून परत दे. स्पोकच्या भोकांभोवती केसासारख्या भेगा आहेत का ते मोबाईलचा टॉर्च तिरका मारून बघ.

चढांचं विचारलंस. कोकणात सपाटी नाहीच, खाडीतून सड्यावर, सड्यावरून परत खाडीत, म्हणून हलकी चाकं हा विचार सगळ्यांच्याच डोक्यात येतो, पण हिशोब कर. चाकात अर्धा किलो वाचला समज, तू, सायकल, बाटल्या, सगळं मिळून ७० किलोच्या आसपास. म्हणजे पाऊण टक्क्याहून कमी. २० मिनिटांच्या चढावर आठ-नऊ सेकंद. "फिरणारं वजन दुप्पट मोजायचं" असं ग्रुपवर कोणीतरी सांगणारच, ते स्पीड वाढवताना खरं आहे, एकसारख्या स्पीडने चढताना वजन ते वजन, चाकात असो की पोटात. आंबा घाट चढताना हलक्या चाकांनी बरं वाटतं, मला पण वाटतं, पण त्यासाठी ५० हजार म्हणजे जरा जास्तच बरं वाटणं झालं.

बाय द वे तुझा मित्र रिम ब्रेकवाला असेल आणि तुझ्यासोबत तोही घ्यायला निघाला असेल तर त्याला सांग कार्बन नकोच. घाट उतरताना ब्रेक धरून धरून रिम तापते, कार्बनला ती उष्णता झेपत नाही, आणि पावसात कार्बनवर ब्रेक लागतो तो विचार करून लागतो. तुला डिस्क आहे, तुझा हा प्रश्न मिटला.

आता टायर, आणि इथे जरा थांबतो, कारण पत्रात तू टायरबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाहीस आणि मला तिथेच संशय आला. कंपनीसोबत आलेले तारेच्या कडेचे जाड टायर अजून असतील ना? ते आणि चांगला रेसिंग टायर, समजा कॉन्टिनेंटलचा जीपी ५०००, यांच्यात दोन्ही चाकं मिळून १०-१५ वॅटचा फरक सहज पडतो. तुझ्या स्पीडला. चाकांच्या अडीच वॅटसमोर ठेवून बघ. आणि हा फरक वारा असो नसो, चढ असो उतार असो, सकाळ असो दुपार असो, कायम मिळतो. किंमत चाकांच्या पाव पण नाही. २८ मिमीचा घे, फ्रेममध्ये बसतो का ते आधी बघ, आणि हवा १०० भरत असशील तर ती सवय सोड, तुझ्या वजनाला २८ मध्ये ६० पीएसआयच्या आसपास पुष्कळ, पावसाळ्यानंतरच्या आपल्या रस्त्यांवर तर खाली ये. टणक टायर फास्ट वाटतो, असतो उडणारा.

नवीन रिम बघताना टायरचा विचार दोन ठिकाणी येतो. एक, रिम बाहेरून टायरपेक्षा जराशी रुंद पाहिजे, जोश पोर्टनर म्हणून झिप या चाकांच्या कंपनीत इंजिनिअर होते त्यांचा १०५ चा नियम म्हणतात तो, रिमची रुंदी टायरच्या किमान १०५ टक्के. टायर रिमवर चढल्यावर मोजून २८ भरला तर रिम साडेएकोणतीसची हवी. टायर बाहेर फुगलेला आणि रिम आत असं असलं तर हवा टायरवरून रिमवर येतच नाही, मग ती डीप असून उपयोग काय, विजेच्या खांबावर पतंग. दुसरं जास्त महत्त्वाचं. आजकाल स्वस्तातल्या पण बऱ्याच रिम हुकलेस येतात, म्हणजे टायरची कड पकडायला आत जो ओठ असतो तो नाही. त्यात हुकलेसला चालणारेच ट्यूबलेस टायर लावायचे आणि हवा कमाल ५ बार, म्हणजे ७२ पीएसआय, त्यावर नाही. आपल्याकडे पंपाला काटा नसतो, अंगठ्याने दाबून "झाली" म्हणतात, कधी बाईकवाल्याकडून कॉम्प्रेसरने मारून घेतो. अशा माणसाने हुकवाली रिम घ्यावी. मी तीच घेतली. ट्यूबलेस केलंस तर उत्तम, पण सीलंट (टायरच्या आतलं पंक्चर बुजवणारं पातळ) आपल्या उकाड्यात लवकर सुकतं, दोन महिन्यांनी हलवून बघ आत खळखळतंय का, आणि एक ट्यूब खिशात असूच दे. त्या ट्यूबचा वॉल्व्ह लांब पाहिजे हे विसरू नकोस, ४० च्या रिमला ६० चा, ५० ला ८० चा. रिमच्या आत बुडालेला वॉल्व्ह आणि हातात पंप घेऊन पूर्णगडच्या पुलाखाली बसलेला माणूस मी पाहिलाय. आरशात.

मग खारी हवा. हे कुठल्याच रिव्ह्यूत नसतं कारण रिव्ह्यू लिहिणारे दारात मासे वाळत घालत नाहीत. स्पोक रिमला ज्याने घट्ट होतात ती निपल, हलक्या चाकांत ती ॲल्युमिनियमची असते. ॲल्युमिनियम आणि कार्बन एकमेकांना टेकले आणि मध्ये खारं पाणी आलं की ॲल्युमिनियम गंजून पांढरी भुकटी होतं, आत बॅटरीसारखं काहीतरी चालू होतं समज. दोन पावसाळ्यात निपल अशी धरते की चाक ट्रू (सरळ) करायला स्पॅनर लावला की तुटून हातात येते. मागवताना स्पष्ट सांगायचं, पितळेची निपल. ३०-४० ग्रॅम वजन वाढेल, वाढू दे. स्पोक स्टीलचे, साधे, टोकाला वाकवलेले किंवा सरळ, पण बाजारात मिळणारे, आणि जोडीसोबत चार-सहा जादा मागून घे, कारण तो एक स्पोक तुटला तर कोल्हापूरला पण मिळेल याची खात्री नाही आणि चाक दोन महिने भिंतीला. कार्बनचे स्पोक दिसतात झकास, त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. हबचे (चाकाच्या मधल्या तुंब्याचे) बेअरिंग साध्या नंबराचे कार्ट्रिज असू देत, नंबर सीलवर छापलेला असतो, तो दाखवून एमआयडीसीतल्या बेअरिंगच्या दुकानात पण मिळतं.

आणि पावसाळा. जून तोंडावर आलाय, आता चाकं मागवलीस तर ती पार्सल फोडून, फोटो काढून चार महिने छताला टांगशील किंवा मोह न आवरून चिखलात घालशील. आपल्याकडे वर्षाला ३००० मिमीच्या वर पाऊस पडतो, त्यात जांभ्याची लाल माती म्हणजे बेअरिंगला पॉलिश पेपर. घाई करू नकोस, गणपती झाले की ऑर्डर दे, ऑक्टोबरच्या उन्हात लाव. जुनी चाकं विकू नकोस, ती पावसाळी चाकं. त्यांच्यावर जुनी कॅसेट (मागची गिअरची चक्रं) आणि रोटर (डिस्क ब्रेकची चकती) तसेच ठेव, नव्यांवर वेगळे घे, म्हणजे दहा मिनिटांत अदलाबदल. रोटर घासला तर हबवर कागदासारखी पातळ चकती मिळते ती टाक.

बाकी फिटिंगचं पटकन. ॲक्सल बघ, तुझी फ्रेम थ्रू ॲक्सलची (आरपार जाड दांडा) असेल तर पुढे १२ बाय १०० मिमी, मागे १२ बाय १४२, पण जुन्या डिस्क बाईकला क्विक रिलीज (बारीक दांडा आणि खटका) पण असतं, मागे १३५, ते मोजून घे मगच पैसे भर. फ्रीहब, म्हणजे कॅसेट बसते तो भाग, शिमानो ११ स्पीडचा. रोटर सेंटरलॉक की सहा बोल्टचा ते जुळव.

पैशाचं आता. ६५ हजार एका पार्सलमध्ये घालू नकोस. आधी टायर, या महिन्यात, चाकं नंतरच. मग कोणाकडून तरी बाईक फिट (सायकल अंगाच्या मापाला लावणं) करून घे, आणि जर्सी अंगाला बसणारी घे, तुझा ग्रुप फोटो मी पाहिला, ती वाऱ्यावर लुंगीसारखी फडफडते. हवेचा अडथळा जो आहे त्यातला तीन चतुर्थांशाच्या आसपास आपल्या शरीराचा असतो, सायकल आणि चाकं उरलेल्यात. १९८९ च्या टूर द फ्रान्सचं ऐकलं असशील, शेवटच्या दिवशी व्हर्साय ते पॅरिस साडेचोवीस किमीची टाईम ट्रायल (एकेकट्याने घड्याळाविरुद्ध), फ्रान्सचा फिन्यों ५० सेकंदांनी पुढे होता, पुढे-मागे दोन्ही डिस्क चाकं लावून आला, डोक्यावर हेल्मेट नाही, मागे केसांची शेंडी उडतेय. अमेरिकेच्या लेमाँडने मागे डिस्क, पुढे साधं स्पोकवालं चाक, पण हँडलला ट्रायथलॉनचे बार लावून अंग दुमडून घेतलेलं. लेमाँड संपूर्ण टूर ८ सेकंदांनी जिंकला. भारी चाकं त्या दिवशी हरणाऱ्याच्या सायकलला होती. तेव्हा कोपर वाकवून, ब्रेकच्या हूडवर हात ठेवून, पाठ जरा खाली नेऊन १५ मिनिटं सलग राहता येतं का ते बघ, पोटाला लागतं, फुकट आहे.

एवढं करून ऑक्टोबरात हौस उरलीच, आणि उरणार हे मी आत्ताच सांगतो, तर ४०-४५ हजारापर्यंत चाळीसची, हुकवाली, पितळी निपलची, २८ च्या टायरला रुंद बसणारी जोडी घे. चीनमधून थेट मागवलीस तर कस्टम ड्युटी धरून हिशोब कर आणि वॉरंटी कागदावर काय आहे ते वाच, चाक परत पाठवायचा खर्च तुझा असेल तर ती वॉरंटी म्हणजे शुभेच्छा. भारतातल्या डीलरकडे थोडं महाग पडेल पण उद्या फ्रीहब बिघडला तर फोन उचलायला माणूस आहे. मी या दुसऱ्या वाटेने गेलो, कारण पहिली जोडी ज्या दुकानातून ऑनलाईन मागवली त्यांनी मागचा हब वाजायला लागल्यावर तीन महिने नुसते व्हिडिओ मागवले, वेगवेगळ्या कोनातून, शेवटी मीच बेअरिंग बदललं.

पण घेण्याआधी चालवून बघ. माझी ४० ची जोडी १२ बाय १०० आणि १२ बाय १४२ ची आहे, शिमानो ११, तुला बसत असतील तर एखाद्या शनिवारी दुपारी तीनला, सकाळी नाही, तीनलाच, भाट्याला ये. सुरूतून पुलावर उत्तरेला दोनदा जा. हात ड्रॉप्सवर. मी मागे स्कूटरवर राहतो म्हणजे एसटी आणि तुझ्या मध्ये कोणीतरी असेल.

तोवर दोन फोटो पाठव, टायरच्या साईडवॉलवर काय लिहिलंय त्याचा एक, आणि मागच्या ॲक्सलचा एक, ग्रीस पुसून काढ, गेल्या वेळी सगळं काळंच दिसत होतं.